देवगिरीचा हिशेब : शेंद्र्याहून एका सुट्टीत

१/
गोव्यात मुरगाव बंदराला क्रूझचे जहाज सकाळी लागते. एखाद्या प्रवाशाला १६१२ मध्ये उभारलेला आग्वादचा किल्ला पाहायचा असतो, पण जहाजाने ठरवून दिलेल्या सहलीबरोबर जायचे नसते. असा प्रवासी कागदावर सर्वांत आधी जहाज सुटण्याची वेळ लिहितो आणि तिथून उलट मोजत सकाळपर्यंत येतो, कारण जहाज कोणासाठी थांबत नाही. हा धागा याच उलट्या गणिताचा आहे, मात्र समुद्रापासून दूर, मराठवाड्यातला. इथले बंदर शेंद्रा, किल्ला देवगिरी, आणि जहाज म्हणजे गावाकडे जाणारी मुक्कामी एसटी.

२/
छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की चिकलठाण्याचा विमानतळ ओलांडल्यावर शेंद्रा येते. बाहेरच्यांना ते औद्योगिक वसाहत म्हणून ठाऊक आहे. स्कोडाचा मोटारींचा कारखाना इथे २००१ मध्ये सुरू झाला, आणि पुढे ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी आखली गेली. पण मूळ गाव शेंद्रा कमंगर. चैत्रात मांगीरबाबाची मोठी यात्रा भरते ती इथेच. फारसीत ‘कमानगर’ म्हणजे धनुष्य घडवणारा कारागीर. गावाच्या नावातला शब्द कानाला त्याच्या फार जवळचा वाटतो.

३/
याच वसाहतीत एक तरुण नोकरी करतो. कंपनी कोणती, हे इथे महत्त्वाचे नाही. आठवड्याची एक सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिली पाळी, असे त्याचे जगणे. दिवाळीनंतर त्याचे वडील गावाहून दोन दिवसांसाठी आले. अण्णा माळकरी, दर श्रावणात घरी एकनाथी भागवत वाचणारे. आयुष्यभर पैठणच्या वाऱ्या झाल्या, पण नाथांचे गुरू जनार्दनस्वामी ज्या किल्ल्यावर राहिले तो किल्ला त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला होता. आता उजवा गुडघा दुखू लागला होता. “पुढच्या साली चढवेल, नाही चढवेल,” एवढेच ते म्हणाले.

४/
मुलाने आधी तयार सहलींची चौकशी केली. एकाच दिवसात दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ आणि परतीच्या वाटेवर बीबी का मकबरा. पाच ठिकाणे पाहायची तर किल्ल्याच्या वाट्याला तासाभराहून फारसे काही येत नाही. तेवढ्यात माणूस चांद मिनारापर्यंत जातो, छायाचित्र काढतो आणि परततो. जनार्दनस्वामींचे स्थान तर डोंगराच्या माथ्याजवळ आहे. म्हणून चार ठिकाणे त्याने खोडली. स्वतःच्या बळावर जाणाऱ्याला मिळणारी मोकळीक नेमकी हीच असते. काय सोडायचे ते त्याचे त्याला ठरवता येते.

५/
मग उलटे गणित सुरू झाले. गावाची मुक्कामी गाडी सिडको बसस्थानकातून पाच वाजता. एक तास राखीव ठेवला, म्हणजे चारला स्थानकात पोहोचायचे. किल्ल्यापासून सिडकोपर्यंत दीड तास, म्हणजे अडीचला किल्ला सोडायचा. जेवणाला आणि खालच्या भागाला एक तास, म्हणजे दीडला पायथा गाठायचा. दुखऱ्या गुडघ्याने उतरायला दीड तास. याचा अर्थ दुपारी बाराला जिथे असू तिथून मागे फिरायचे. आठला दरवाजातून आत शिरलो, तर चढायला चार तास. वहीच्या पानावर ‘बारा’ या आकड्याभोवती त्याने गोल केला.

६/
शेंद्र्याहून किल्ल्याकडे जाणारा रस्ता इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी डोळे उघडे ठेवून करावा. पश्चिमेकडे जावे तसतसा काळ मागे सरकतो. आधी एकविसाव्या शतकातले कारखाने. मग विमानतळ, सिडकोच्या वसाहती. त्यानंतर ते जुने शहर, जे मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले आणि ज्याला १६५३ नंतर औरंगजेबाचे नाव मिळाले. पुढे छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळ, खुलताबाद, कन्नडकडे जाणाऱ्या गाड्या याच वाटेने जातात. शेवटी क्षितिजावर तो एकटा, शंकूसारखा डोंगर दिसू लागतो आणि बाराव्या शतकात येऊन प्रवास थांबतो.

७/
यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी वसवली. डोंगराची उंची सुमारे २०० मीटर. त्याच्या कडा खालून सुमारे ५० मीटरपर्यंत भिंतीसारख्या उभ्या तासून काढल्या आहेत आणि पायथ्याशी खडकातच खंदक कोरला आहे. थोड्याच अंतरावरच्या वेरूळला राष्ट्रकूटांच्या काळात अख्खे कैलास मंदिर वरून खाली कोरत आणले गेले होते. बेसाल्टवर छिन्नी चालवण्याची हीच विद्या इथे संरक्षणाच्या कामी आली. डोंगराभोवती पुढच्या राजवटींनी कोट चढवले. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट ही त्यांची आज रुळलेली नावे.

८/
या किल्ल्यावर चालून आलेला सर्वांत प्रसिद्ध पाहुणासुद्धा घड्याळ पाहतच आला होता. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खलजी सुलतानाची परवानगी न घेता दक्षिणेत उतरला. दिल्लीला कळण्याआधी परतणे त्याला भाग होते. रामचंद्रदेव यादवाचे मुख्य सैन्य त्या वेळी युवराजाबरोबर बाहेर होते. आपल्या मागून दिल्लीची मोठी फौज येत आहे, अशी आवई अलाउद्दीनने उठवली. राजा बालेकिल्ल्यात शिरला. कडे तासलेले होते, खंदक खोल होता. फक्त थांबून राहायचे होते. वेळ यादवांच्या बाजूने होता.

९/
परंपरेने चालत आलेली कथा अशी की, घाईगर्दीत वर चढवलेली धान्याची पोती उघडली, तेव्हा त्यांत मीठ निघाले. कथेचा तपशील बाजूला ठेवला, तरी अन्न अपुरे पडल्याने रामचंद्राला तह करावा लागला, हे इतिहास सांगतो. प्रचंड खंडणी घेऊन अलाउद्दीन परतला आणि त्याच वर्षी चुलत्याचा खून करून सुलतान झाला. तीनशेहून अधिक वर्षांनी, १६३३ मध्ये, मुघल सरदार महाबतखानाच्या वेढ्यापुढे मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने हाच किल्ला सोडला. तेव्हाही आत अन्नाची टंचाई झाली होती. दोन्ही वेळा कडे अभेद्यच राहिले. चुकला तो कोठाराचा हिशेब.

१०/
१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने इथे दुसरी राजधानी केली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे सुलतानाचा वकील म्हणून निघालेला इब्न बतूता खंबायत बंदराच्या वाटेवर इथे येऊन गेला. किल्ल्यातील कैद्यांच्या विवरात मांजरांहून मोठे उंदीर असल्याचे त्याने ऐकले आणि लिहून ठेवले. १६६६ मध्ये सुरत बंदरात उतरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो औरंगाबादमार्गे गोवळकोंड्याकडे गेला आणि वाटेत पाहिलेल्या वेरूळच्या लेण्यांचे वर्णन मागे ठेवून गेला. बंदर आणि हा डोंगर यांमधला प्रवास नवा नाही. नवी आहे ती पाच वाजताची एसटी.

११/
बापलेक आठला तिकीट काढून महाकोटाच्या दरवाजातून आत गेले. इथे सरळ वाट नाहीच. एक दरवाजा, मग चौक, मग वळण, मग दुसरा दरवाजा. दारांवर हत्तीला धडक देता येऊ नये म्हणून लोखंडी खिळे. शत्रूचा वेग मोडावा आणि त्याला वरून मारा होईल अशा जागी रेंगाळत ठेवावे, ही या रचनेमागची बुद्धी. मुलाने क्रम ठरवला होता, आधी माथा आणि उतरताना खालचा भाग. हत्ती हौद, पंधराव्या शतकात बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने बांधलेला चांद मिनार, आणि खलजी काळातील ज्या मशिदीत आज भारतमातेचे मंदिर आहे ती वास्तू, ही सारी थंड वेळेत डाव्या-उजव्या हाताला सोडून दोघे पुढे निघाले. सकाळची थंडी चढणीसाठी राखायची होती.

१२/
काळाकोटात चिनी महाल लागतो. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला इथे ठेवले गेले आणि त्याचा अंतही इथेच झाला. जवळच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची ती प्रचंड तोफ आहे. पुढे खंदक. जुना पूल असा खाली बांधलेला, की खंदकात पाणी वाढवले म्हणजे तो बुडून जावा. आणि पूल ओलांडला की अंधारी. खडकातून फिरत जाणारा हा काळोखी मार्ग, पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या. वरच्या तोंडावर निखारे पेटवून आत धूर कोंडण्याची सोय होती. आज अंधारी टाळून जाणारी पायऱ्यांची वाट आहे. मुलाने तीच धरायचे ठरवले होते. अण्णा मात्र अंधारीच्या तोंडाशी थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, “नाथमहाराज काय नव्या वाटेनं गेले असतील का रे?”

१३/
मग दोघे अंधारीतूनच गेले. मोबाइलचा उजेड पायांपुरता, एक हात भिंतीवर, दुसरा मुलाच्या खांद्यावर. वटवाघळांचा वास, ओलसर दगड. ज्या पायऱ्या शत्रूचा पाय चुकावा म्हणून असमान ठेवल्या, त्या दुखऱ्या गुडघ्यालाही तेवढ्याच निर्दय असतात. वाचलेला इतिहास इथे पायांना कळतो. योजनेत या टप्प्याला पंधरा मिनिटे होती. लागली चाळीस.

१४/
पुढच्या पायऱ्या उन्हात होत्या. दर विसाव्या पायरीवर विसावा. मुघल काळातल्या बारादरीच्या सावलीत दोघे टेकले तेव्हा घड्याळात बारा वाजायला दोन मिनिटे होती. खाली महाकोट खेळण्यासारखा दिसत होता, मिनार बोटाएवढा. जनार्दनस्वामींचे स्थान याहून वर. वहीतला गोल केलेला आकडा मुलाला आठवत होता. अण्णांना तो माहीत नव्हता. मुलगा काही बोलला नाही. अण्णांनीच विचारले, “येळ झाला का?”

१५/
जनार्दनस्वामी हे सोळाव्या शतकातले या किल्ल्याचे किल्लेदार. त्यांच्या भक्तीमुळे किल्ल्यावर गुरुवारी सुट्टी असे, असे परंपरा सांगते. पैठणहून आलेल्या लहान एकनाथाला त्यांनी हिशेबाच्या कामाला लावले. एका रात्री हिशेबात एका पैचा फरक येत होता. एकनाथ दिव्याच्या उजेडात रात्रभर शोधत राहिले आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. गुरूंनी ते पाहिले आणि समजावले की, एका पैसाठी एवढे चित्त एकवटते, तर ते ईश्वरापाशी लागले तर काय होईल! कथा भक्तीची आहे, पण घडते कोठाराच्या वहीपाशी. ज्या किल्ल्याने पोत्यांच्या हिशेबात राज्य गमावल्याची आठवण सांगितली जाते, त्याच किल्ल्यावर एक पै हरवली म्हणून रात्र जागवल्याची आठवणही जपली गेली.

१६/
मुलाने राखीव तास काढला. गाडी चुकू नये म्हणून बाजूला ठेवलेला तो तास दुसऱ्या कशासाठी खर्च करायचा विचार त्याने केला नव्हता. “येळ आहे, अण्णा,” तो म्हणाला. वीस मिनिटांनी दोघे स्वामींच्या स्थानाशी पोहोचले. अण्णांनी खिशातून बुक्क्याची पुडी काढली, कपाळाला लावली, मुलालाही लावली. एकनाथी भागवतातल्या काही ओव्या ओठांतल्या ओठांत म्हटल्या. बाजूने कॉलेजची मुले हसत वर गेली, एक वानर कठड्यावर येऊन बसले. अण्णा बराच वेळ उठले नाहीत आणि मुलाने घड्याळ पाहिले नाही.

१७/
त्याची किंमत उतरताना चुकती झाली. खालच्या भागासाठीचा तास गेला. चांद मिनार चालता चालता पाहिला, हत्ती हौद दुरून, मंदिराला बाहेरूनच हात जोडले. जेवण म्हणजे रस्त्यावर घेतलेली चार सीताफळे आणि घरून आणलेली भाकरी, तीही बसथांब्यावर उभ्याने. वेरूळकडून येणाऱ्या दोन गाड्या भरून गेल्या, तिसरीत जागा मिळाली. सिडको स्थानकात दोघे शिरले तेव्हा पाचला सहा मिनिटे होती आणि मुक्कामी गाडीचा चालक चहा पीत उभा होता.

१८/
जे कोणी असा एका दिवसाचा बेत आखत असतील, त्यांनी किल्ल्याच्याच इतिहासातून एवढे घ्यावे. परतीची वेळ आधी लिहावी. पाहायच्या जागांपैकी सोडायच्या कोणत्या, ते घरीच ठरवावे. आणि राखीव वेळ खरोखरच राखीव आहे ना, हे तपासावे. पोते उघडल्यावर मीठ निघू नये.

१९/
गाडी सुटताना अण्णांनी खिडकीतून विचारले, “काय राह्यलं रे पाहायचं?” मुलाने वही उघडून वाचून दाखवले. सरस्वती बावडी, मिनाराचा पायथा, भारतमातेचे मंदिर, अंबरकोटाची तटबंदी. अण्णा म्हणाले, “ते खालीच आहे ना सगळं? मग फाल्गुनात नाथषष्ठीला येतो तवा बघू.” दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या पाळीला जाताना मुलाने त्या चार नावांपुढे नाथषष्ठीची तारीख लिहिली आणि तिच्या वर, पानाच्या अगदी डोक्यावर, पाच वाजताची गाडी.