पोचा आलेला तांब्या

चित्रकलेच्या इलेमेंटरी परीक्षेत वस्तुचित्राला समोर काय मांडतील याचा नेम नसे, पण तांब्या येईल अशी आम्हा सगळ्यांचीच अटकळ. म्हणून परीक्षेआधीच्या सुट्टीत आईचा पितळी तांब्या पाटावर ठेवून मी रोज काढू लागलो. मध्यरेषा आखायची आणि दोन्ही बाजू जुळवायच्या. डावी बाजू सहज उतरायची, उजवीला हात आखडायचा. चित्रकलेचे सर म्हणाले, "खोडरबर दप्तरात टाक. रेष चुकली तर तिच्या शेजारी दुसरी काढ." तसं करत गेल्यावर कुठली रेष खरी ते डोळ्याला कळू लागलं.

सगळा कस लागतो तो काठाशी. काठ गोल आहे हे डोक्याला ठाऊक, म्हणून हात तो गोलच काढायला जातो. पण तांब्या डोळ्यासमोर धरला तर काठाची आडवी रेष होते. खाली ठेवत नेला की ती उघडते, लंबगोल होतो. बूड त्याहून खाली, म्हणून त्याचा बाक अधिक भरदार. तिथं सरळ रेष ओढली की तांब्या पाटावर बसतच नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यात इथल्या साऱ्या वस्तूंमध्ये लोट्याला सर्वांत सुंदर ठरवलं. बोलोन्याच्या मोरांदी या चित्रकाराने तर त्याच त्या बाटल्या आणि सुरया रंगवण्यात जन्म घालवला. त्याची चित्रं पाहिली की मला धीर येतो.

नोकरीच्या गावी तांब्या माझ्याबरोबर आला आणि सामान उतरवताना त्याच्या पोटाला पोचा आला. आता दोन्ही बाजू जुळेनात. मग मध्यरेषाच सोडून दिली. गळ्यापासून निघायचं, पोच्यापाशी आत वळायचं, बुडाशी थांबायचं. हाताची भीती गेली ती तेव्हा. पुढे पेन्सिलही सुटली, थेट शाईने काढू लागलो. चिंचेने घासलेल्या तांब्यात खिडकी उमटते. तेवढा कागद कोरा सोडायला मात्र अजून मन घट्ट करावं लागतं.

हल्ली एसटी स्टँडवर वही उघडतो. गाठोड्याला टेकून बसलेल्या म्हातारीच्या पाठीचा बाक मी एका दमात काढतो. गाडी लागायच्या आत तिचा पदर, गाठोडं आणि बाकड्याचा पाय एवढं होतं. चेहरा राहतो. चेहऱ्यांचा सराव आता घरच्या माणसांवर सुरू केलाय.