बटव्याची नाडी

दिवाळीचा तिसरा दिवस उजाडला, की आमच्या घरात चकलीच्या डब्यापेक्षा ओव्याच्या बरणीला अधिक भाव येतो. चिमूटभर ओवा, कणभर सैंधव आणि वर घोटभर कोमट पाणी! ओव्याला तो झणझणीत वास देणाऱ्या द्रव्याला थायमॉल म्हणतात, हे मला फार पुढे कळले. आमच्या आजीला ते नाव ठाऊक नव्हते. पण त्यावाचून तिचे किंवा आमच्या पोटाचे काही अडले नाही.

आजीचा बटवा खणाचा होता. त्यात सुंठ, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, जेष्ठमध, मुरुडशेंग अशी मंडळी पुरचुंड्या करून नांदत. गुटी उगाळायला बसली, की ती कुणाशी बोलत नसे. सहाणेवर बाळहिरड्याचे दोन वेढे, जायफळाचा मात्र एकच. जायफळ गुंगी आणते, फार झाले तर बाधते, म्हणून तिथे हात आखडता. आजचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नका म्हणतात, वर्षाच्या आत मधाचे बोटही चाटवू देत नाहीत. आणि ते योग्यच आहे. आमची सहाण आता गंधापुरती उरली, याचे मला दुःख नाही. वेढे मोजण्याची सवय गेली, याचे आहे.

एकदा शेजारच्या बिऱ्हाडातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात कळा येऊ लागल्या. त्याची आई एरंडेल मागायला आली. बाटली काढण्याआधी आजी उठून त्याच्याकडे गेली. दुखणे आधी बेंबीपाशी होते, आता उजवीकडे खाली सरकले होते. तिने तिथे हात ठेवताच पोर किंचाळले. "एरंडेल नको. पोटात काहीच देऊ नका. आधी टांगा आणा," एवढेच ती म्हणाली. त्याच रात्री त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. रेच दिला असता तर ते आतच फुटले असते, असे डॉक्टर म्हणाले.

आजीला हे कसे उमगले? पुढे एकदाच ती बोलली. तिच्या पाठच्या भावाला अशाच दुखण्यात घरच्यांनी मायेने एरंडेल पाजले होते. तो वाचला नाही. "बटवा सोडायला कुणीही शिकतं रे. नाडी केव्हा आवळायची, ते कळलं पाहिजे."

आता बटव्याच्या जागी बाटल्या आल्या आहेत. हळदीचेच पाहा. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपण हळद जिंकली! पण ती घरी परतली ती कॅप्सूलमधून. हळकुंडात करक्युमिन शंभरात जेमतेम तीन-चार भाग. कॅप्सूलमध्ये त्याचाच अर्क, आणि वर मिऱ्यातले पायपरीन. या पायपरीनमुळे करक्युमिन रक्तात उतरण्याचे प्रमाण सुमारे २० पटींनी वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. अशा कॅप्सूल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी अलीकडे नोंदवले आहे. भाजीतली हळद निराळी आणि हा अर्क निराळा.

आमचे मेहुणे रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. दाढ काढायला गेले तेव्हा दंतवैद्याने विचारले, "आणखी काही औषधं चालू आहेत?" मेहुणे ताठ मानेने म्हणाले, "छे! बाकी सगळं नैसर्गिक." त्या नैसर्गिकात लसणीच्या, हळदीच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या. यांतल्या काही रक्त गोठण्याच्या आड येतात. दाढ गेली, पण रक्त रात्रीपर्यंत थांबेना.

म्हणून काय घरगुती उपाय टाकून द्यायचे? मुळीच नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना पाजले आणि हजारोंचे प्राण वाचले. त्याचेच घरगुती रूप आपल्या फळीवर आहे: एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा छोटे सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ वाढले तर तेच पाणी अपाय करील. गुण जितका पदार्थाचा, तितकाच मापाचा.

गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो, तर फडताळाच्या दाराआड एक कागद चिकटवलेला. त्यावर मेहुण्यांच्या साऱ्या बाटल्यांची नावे, किती आणि कशासाठी. डॉक्टरांकडे जाताना तो सोबत न्यायचा. चार नावांवर डॉक्टरांनी काट मारली होती. मेहुणे जरा हिरमुसले होते. ताईने मात्र त्यांच्या पानात करंजी वाढली आणि दुसरी मागितली तेव्हा डबा बंद केला.