बिछडीच्या विहिरी

उदयपूरला तळ्यांचे शहर म्हणतात ते उगीच नाही. पिछोला आणि फतेहसागर यांची छायाचित्रे तर घरोघरी पोहोचली आहेत. पण शहर वसवणाऱ्या महाराणा उदयसिंहांनी सोळाव्या शतकात बांधलेल्या उदयसागरकडे पर्यटकांची पावले क्वचितच वळतात. शहरातून वाहणारी आहाड नदी पूर्वेला या तळ्यात येते आणि पुढे बेडच या नावाने बाहेर पडते. तळ्याच्या कालव्यावर आणि विहिरींवर इथली शेती पोसली जाते. याच पट्ट्यात बिछडी हे खेडे आहे. प्रवाशांच्या नकाशात त्याला जागा नसली, तरी देशाच्या कायद्याच्या इतिहासात आहे.

मेवाडात पाऊस बेताचा. त्यामुळे विहीर म्हणजे घराचा प्राणच. 1988 साली बिछडीजवळ ‘एच ॲसिड’ नावाचे रसायन तयार होऊ लागले. कापडाचे रंग बनवण्यासाठी ते लागते. आवश्यक परवाने न घेताच उत्पादन सुरू झाले होते. रसायन जेमतेम पावणेचारशे टन निघाले. मागे उरला तो सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ. तो उघड्यावर टाकला गेला, सांडपाणीही तसेच सोडले गेले. पावसाच्या पाण्याबरोबर विष जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना चालेना, गुरांना चालेना, पिकांनाही चालेना. लोकांचा संताप इतका वाढला, की जमावबंदी लागू करावी लागली आणि जानेवारी 1989 मध्ये तो कारखाना बंद पडला.

कारखान्याला कुलूप लागले, पण जमिनीत मुरलेल्या विषाला कुलूप कसे लावणार? ते निस्तरायचे कोणी आणि कोणाच्या पैशाने? त्याच वर्षी एका पर्यावरणवादी संस्थेने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. 13 फेब्रुवारी 1996 रोजी निकाल लागला. आपल्याकडे ‘करावे तसे भरावे’ म्हणतात. न्यायालयाने तेच कायद्याच्या भाषेत सांगितले. ज्याने प्रदूषण केले, त्यानेच नुकसान भरून द्यायचे आणि जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही सोसायचा. तो भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशावर टाकायचा नाही. कारखान्यांची मालमत्ता जप्त करण्याचा आदेशही झाला.

वाचकहो, गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तसे घडले नाही. सफाईसाठी 37 कोटी 38 लाख 50 हजार रुपयांची रक्कम ठरली. ती भरण्याऐवजी अर्जांमागून अर्ज येत राहिले. अखेर 18 जुलै 2011 रोजी न्यायालयाने बजावले, की नोव्हेंबर 1997 पासून दर साल 12 टक्के चक्रवाढ व्याजासह पैसे भरा. या दराने रक्कम सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. निकाल चोखच होता, पण विहीर नासली तेव्हा रांगणारे मूल एव्हाना विशी ओलांडून गेले होते!

खरे तर राखणदार आधीपासूनच होता. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याने प्रत्येक राज्यात नियंत्रण मंडळाची सोय केली. मंडळाच्या संमतीशिवाय कारखान्याने सांडपाणी सोडायचे नाही, असा नियम आहे. 1988 च्या दुरुस्तीने कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे अधिकारही मंडळाला मिळाले. 2024 मध्ये काही गुन्ह्यांची कैद काढून त्याऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड ठेवण्यात आला. ही दुरुस्ती प्रथम ज्या राज्यांना लागू झाली, त्यांत हिमाचल प्रदेशाबरोबर राजस्थानही होते. अडीच हजार टन गाळापुढे 15 लाखांचा धाक कितीसा वाटेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दंड नंतर वसूल होतो. पाणी आधी नासते. म्हणून मंडळाच्या अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी संमतीपत्र मागणे, हे वीस वर्षांच्या खटल्यापेक्षा मोलाचे आहे. आपल्या गावाशेजारी नवे धुराडे उभे राहिले, तर त्याचे संमतीपत्र आहे का, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची हरकत असणार? प्रश्न साधा आहे, पण बिछडीला तो फार महागात पडला.