घरचे इंटरनेट कोणाचे?

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले. तेव्हापासून साऱ्या जगाचा माल कंटेनरमध्ये भरून आमच्या रस्त्यांवरून जातो. पण याच भागातल्या माझ्या एखाद्या विद्यार्थिनीला गणिताचा एक व्हिडिओ पाहायचा असेल, तर भाऊ कामावरून घरी येईपर्यंत थांबावे लागते. फोन भावाचा, रिचार्ज भावाचा. रोजचा डेटा त्याने दिवसभरात संपवलेला असतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर ऑनलाइन तासाला भावांची नावे दिसत, बहिणींची क्वचितच. घरात फोन एक आणि शिकणारी तीन, मग नंबर कोणाचा लागणार हे वेगळे सांगायला नको.

आमच्याकडे फायबर घ्यायचे ठरवले ते याच विचाराने. मुलांचे अब्बा म्हणाले, "सगळ्यांकडे मोबाइल आहेत की, आणखी खर्च कशाला?" मग हिशोब मांडला. 399 रुपयांची योजना 18 टक्के जीएसटी धरून 471 ला पडते. चार फोनांचे मोठे रिचार्ज लहान केले की तेवढे पैसे सहज निघतात.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. जुन्या तांब्याच्या तारेत अंतर वाढेल तसा इंटरनेटचा जोर ओसरतो. काचेतून प्रकाश जातो, त्यामुळे लांबच्या गल्लीतही वेग टिकतो. शिवाय पाठवण्याचा वेगही चांगला मिळतो. उत्तरपत्रिकांचे फोटो झटपट जातात. कुवेतला असलेल्या माझ्या भावाचा चेहरा आता अम्मीला अडखळत दिसत नाही. बालभारतीची उर्दू माध्यमाची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात; उर्दू पुस्तकांची दुकाने जवळ नसलेल्या आमच्यासारख्यांना त्याची किंमत विचारा!

डबा कुठे लावायचा, हा प्रश्न मात्र हलक्यात घेऊ नका. तार मुलाच्या खोलीच्या खिडकीतून येत होती, म्हणून जोडणाऱ्या पोराने तिथेच खिळा ठोकायला घेतला. मी तो बैठकीच्या खोलीत लावायला सांगितला. दहा-पंधरा फूट तार जास्त लागली, एवढेच. वायफायचा जलद पट्टा जाड भिंतींपुढे लवकर हरतो, म्हणून डबा घराच्या मध्यावर असलेला बरा. आणि मुलाच्या खोलीत डबा लागला असता, तर आज ना उद्या त्या खोलीचे दार बंद झालेच असते. वीज गेली की हा डबाही बंद पडतो. त्याला लहान बॅटरी मिळते, ती घ्या. आमच्याकडे रस्त्याचे खोदकाम कायम चालू असते. एकदा जेसीबीने तार तोडली तेव्हा दोन दिवस इंटरनेट नव्हते, म्हणून एका फोनचा रिचार्ज चालू ठेवावाच.

"मुली बिघडतील," असे काही आया मला शाळेत येऊन सांगतात. केरळमध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या मोबाइलबंदीचा नियम मानला नाही, म्हणून तिला काढून टाकले होते. ती कोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. बिघडण्याची भीती मलाही वाटते, पण ती मुलाबद्दलही तेवढीच वाटते. म्हणून आमच्याकडे रात्री दहाला डब्याचे बटण बंद होते, सगळ्यांसाठी. पहिली तक्रार मुलाचीच आली.

शेजारची दहावीतली मुलगी संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला बसते. परवा तिची अम्मी विचारत होती, "बाई, जोडणीला आधार कार्ड घरातल्या पुरुषाचेच लागते का?" मी म्हटले, "तुमचे द्या ना, चालते."