रात्रीचा दयाळ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून उजेड टोचतो. रात्री डोळ्यांत थेंब घालून ओसरीत बसते, तर खांबावरचा पांढरा एलईडी थेट अंगावर येतो. त्याच्याभोवती किडे गरगरत राहतात. आणि ऐन मध्यरात्री शेजारच्या लिंबावर दयाळ गाऊ लागतो.

दिवा त्याला पहाट वाटते का? इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरातल्या रॉबिन पक्ष्यांवर 2007 साली एक अभ्यास झाला. जिथे दिवसा गोंगाट जास्त, तिथेच ते रात्री गात होते. उजेडापेक्षा आवाजाचा धागा घट्ट निघाला. आमचा दयाळ वेगळा, मुलूखही वेगळा, पण आमच्या धर्माबादेत दिवसा आवाज काय कमी? मिरचीच्या गिरण्या, इंजिनाचे भोंगे, लग्नसराईतला डीजे. पाखरू गातं ते हद्द सांगायला, जोडीदार बोलवायला. तेच ऐकू जाणार नसेल, तर झोप मोडून गायचं. कधी त्याची कीव येते, कधी हेवा वाटतो. माझं तरी कुठलं बोलणं या गलबल्यात कुणाला नीट ऐकू गेलं? असो.

पाखराचं ते तसं, पण मला टोचतो तो उजेडच. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला. गावं काही अंधारात बुडाली नाहीत. आमच्या गल्लीतल्या दिव्यांनाही तेवढं झाकण बसवा, एवढंच मागणं आहे.