सीझन आणि तुझे कान

कोल्हापूर,
12 एप्रिल

चि. बाळा,


परवा रात्री फोनवर तू सहज बोलून गेलास, "हळदीचा साउंड आटपून आत्ताच इलंय, आत्ये. कानाक दडे बसलेत. सकाळपर्यंत बरे होतले." मी दिवसभर लोकांचे कान तपासते, त्यामुळे ते बोलणं मनातून जाईना. तुझ्या आवाजात झोप होती म्हणून तेव्हा काही म्हटलं नाही. आता मे तोंडावर आलाय. चाकरमानी येतील, तुझा सीझन भरात येईल आणि मग तुला पत्र वाचायलाही फुरसत उरणार नाही. म्हणून आजच लिहिते.

दडे सकाळी सुटतात, हे खरं. कानातली शिट्टीही थांबते. घात होतो तो तिथेच. आतल्या कानात एक शंखाकृती नळी असते आणि तिच्यात जन्मतः साधारण 15 हजार केशपेशी असतात. बाहेरचा आवाज मेंदूकडे पोचवायचं काम त्या करतात. मोठ्या आवाजाखाली त्या मान टाकतात. पायाखाली आलेला भाताचा तरवा एकदोनदा पुन्हा उभा राहतो, पण रोज त्याच वाटेने चाललं की तिथे चिखलच उरतो. तरवा निदान परत पेरता येतो. माणसाच्या कानात या पेशी परत उगवत नाहीत, आणि त्या उगवतील असं औषध आज कुठल्याही डॉक्टरकडे नाही. 2009 मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की मोठा आवाज ऐकवल्यावर त्यांची ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, तरी केशपेशींना नसेशी जोडणारे कित्येक सांधे कायमचे तुटलेले होते. तेव्हा सकाळी बरं वाटलं यावर विसंबू नकोस.

तू आजोबांचं म्हातारपण पाहिलंस. मी त्यांचे कान जाताना पाहिले. तरुणपणी ते रापणीला, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जात, तिथे आवाज माणसांचा आणि समुद्राचा. पुढे यांत्रिक होडीवर गेले आणि डिझेल इंजिनाच्या शेजारी त्यांची वर्षं सरली. कानात काही घाला असं त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. पन्नाशीच्या आतच आई म्हणायला लागली, "ह्येंका हाक ऐकाक येना नाय, पण लाट फुटलेली बरोबर कळता." रागानेच म्हणायची. तिला वाटे, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. आज मला त्याचं कारण कळतं. मोठ्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, 4000 हर्ट्‌झच्या आसपासचं. समुद्राची गाज खालच्या पट्टीतली, ती ऐकू येत राहते. स, श, फ, त, क अशी व्यंजनं विरून जातात, शब्दाचा नुसता स्वर कानावर पडतो. बायकामुलांचं बोलणं त्यात लवकर हरवतं.

सगळ्यात वाईट झालं ते दशावताराचं. जत्रेत त्यांची जागा पुढची ठरलेली असे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. म्हणजे आधी ऐकून पाठ झालंय, आता नुसते ओठ बघून कळेल, अशी सोयच नाही. आजोबांना पखवाज ऐकू यायचा, पेटीचे खालचे सूर यायचे, झांज अर्धीमुर्धी. संकासुराची कोटी मात्र यायची नाही. आजूबाजूची माणसं हसली की ते क्षणभराने हसायचे. पुढे त्यांनी नाटकाला जाणंच सोडलं. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. वयाचा त्यात भाग असेलही, पण इंजिनाचा मोठा होता.

आता तुझा दिवस बघ. सकाळपासून तारकर्ली-देवबागला बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, शेजारून जेटस्की. अंधार पडला की मित्राच्या साउंडवर हळद, नाहीतर रात्रीच्या क्रिकेट सामन्यांचे भोंगे, आणि तू उभा स्पीकरच्या बॉक्सला लागून. पर्यटक दोन दिवस हे ऐकून आपल्या घरी जातो. तू पाऊस संपल्यापासून मेअखेरपर्यंत ऐकतोस. कामाच्या जागेसाठी श्रवणशास्त्रात सुरक्षित वेळेचा एक हिशेब धरतात: 85 डेसिबलला आठ तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. डीजेसमोर 100 सहज ओलांडले जातात. आणि बोटीवरचे तास वेगळे, हळदीचे वेगळे, असं कान धरत नाही, तो सगळं एकत्र मोजतो. मीटर नसला तरी चालेल. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की 85 च्या वर गेलं समज.

तुझा साउंडवाला मित्र म्हणेल, आम्ही दहाला बंद करतो, मग झालं. दहाला बंद करतोय ते योग्यच करतोय. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई केली, आणि 18 जुलै 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही रात्रीची मनाई ठामपणे सांगितली. पण ही काळजी शेजारच्या घरात झोपणाऱ्याची आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी वेगळी मर्यादा असते, आणि आवाजाने आलेलं बहिरेपण कामगारांसाठीच्या कायद्यातल्या कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. तुझी बोट कारखान्यात मोडत नाही, लग्नाचा मांडवही मोडत नाही. ज्याच्या हातात मशीन, त्याच्याच कानांची दाद कुठे लागत नाही. बाळा, याचा मला फार राग येतो. बोटीत बसणाऱ्याला लाइफ जॅकेट देतात, ते द्यायलाच हवं. तीच बोट सबंध सीझन चालवणाऱ्याला थोडक्या पैशांचे इअरप्लग द्यावेत, हेही आता मालकांच्या डोक्यात शिरायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको, लोकांना इअरप्लग मिळावेत, आणि कानांना विसावा द्यायला एक शांत कोपरा हवा. हळदीच्या अंगणात हे करायला सरकारची वाट बघायला नको, तुम्ही पोरंच करू शकता.

पत्रासोबत फोमचे इअरप्लग पाठवतेय. कापसाचा बोळा पुरत नाही, तो नाद सोड. हात स्वच्छ आणि कोरडे करून प्लग बोटांत वळून बारीक कर, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, प्लग आत सरकव आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेव. अर्धा बाहेर लोंबत राहिला तर घालून उपयोग नाही. हे साउंडसाठी. बोटीवर प्रवाशाची हाक ऐकू आली पाहिजे, तिथे सिलिकॉनचे फिल्टरवाले वापर, ते आवाज थोडा कमी करतात, बोलणं कळतं. आणि हाताच्या खुणा आपसात ठरवून घ्या. स्कूबाला उतरताना मात्र कानात काहीही ठेवू नकोस. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते आणि पाण्याच्या दाबाखाली पडद्याला इजा होते.

साउंडवर असलास तर बॉक्सपासून लांब उभा राहा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात. अधूनमधून लांब जाऊन बस. आणि बारकी पोरं बॉक्सला चिकटून नाचतात ना, त्यांना तू स्वतः उचलून मागे नेत जा. तान्हं मूल घेऊन कुणी पुढे आलं तर भीड न धरता सांग. त्या वयात त्याला कान दुखतोय हे सांगताही येत नाही.

आणखी एक. एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर दडा समजून सकाळची वाट बघू नकोस. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. या दुखण्यावर उपचारांचा गुण येतो तो सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच.

मेअखेर तुमच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात, लग्नंही आटोपतात. जूनमध्ये माझ्याकडे ये, आपण रीतसर ऑडिओमेट्री करू. तपासणीआधी किमान सोळा तास कानावर मोठा आवाज पडलेला नसावा, नाहीतर आकडे खोटे येतात, आणि तुला तेवढी शांतता फक्त पावसातच मिळते. दादाला सांग, गाडीभाडं मी देईन. साउंडवाल्या मित्रालाही सोबत आण, तो तुझ्यापेक्षा जास्त वर्षं बॉक्सच्या मागे उभा आहे.

तुझी,
आत्या