संदर्भ हवा

विकिपीडियावरच्या गौहरजानच्या लेखात दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी येऊन लिहून जातं, 'ध्वनिमुद्रित झालेली पहिली भारतीय गायिका'. मी ते काढतो. मग चर्चा पानावर जाब विचारला जातो आणि सोबत पाच-सहा वर्तमानपत्रांच्या लिंका येतात. सगळी नावाजलेली. बहुतेक बातम्या जून २०१८च्या, म्हणजे गूगलनं तिच्या वाढदिवसाला डूडल केलं तेव्हाच्या.

नियमाच्या भाषेत मोठं वर्तमानपत्र हा विश्वसनीय स्रोत. माझा प्रश्न साधा असतो. हे लिहिणाऱ्याला कळलं कुठून?

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं करत होता. मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची पुस्तकरूपात केली आहे. अशा सूचीत क्रमांकामागून क्रमांक वाचणं म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक वाचण्याइतकं रुक्ष काम, पण कोण कुणाच्या आधी गायलं ते त्यातूनच कळतं. शशीमुखी आणि फणीबाला या नाटक कंपनीतल्या दोन मुली गौहरजानच्या आधी गैसबर्गच्या कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. गैसबर्गनं त्यांच्या आवाजांना नावंच ठेवली आहेत, पण तो मुद्दा वेगळा. शिवाय लंडनमध्ये १८९९ सालीच काही भारतीयांचे आवाज मुद्रित झाले होते. गौहरजानला पहिली मोठी स्टार म्हणा, माझी काही हरकत नाही. 'पहिली' म्हटलं की त्या दोन मुली पुसल्या जातात. त्यांचं डूडल कोण काढणार?

गौहरजान रेकॉर्डच्या शेवटी इंग्रजीत ओरडून सांगते, 'माय नेम इज गौहरजान'. लोकांना तो तिचा तोरा वाटतो. तोरा असेलही, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही उद्घोषणा करून घेत. म्हणजे त्या गाण्याचा सगळ्यात भरवशाचा स्रोत त्या गाण्यातच बसलेला आहे. मात्र तो तेवढ्यापुरताच. तिच्या मांजरीच्या मेजवानीवर वीस हजार उडाले की नाही, हे तबकडी सांगत नाही.

नव्या संपादकांना हेच पटवताना माझी दमछाक होते. त्यांना यादी हवी असते, हा स्रोत चालतो, तो चालत नाही. अशी यादी करता येते, विकिपीडियावर आहेसुद्धा. पण २००९मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चे संगीतकार मोरिस जार वारले, तेव्हा डब्लिनच्या एका विद्यार्थ्यानं त्यांच्या लेखात स्वतः रचलेलं एक भावपूर्ण वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. संदर्भ नाही म्हणून संपादकांनी ते काढलं. तोवर पत्रकारांनी ते उचललं होतं आणि 'गार्डियन'सकट अनेक वर्तमानपत्रांच्या मृत्युलेखांत ते छापून आलं. विद्यार्थ्यानं स्वतःच उघड केलं नसतं, तर पुढे कुणीही 'गार्डियन'चा संदर्भ देऊन तेच वाक्य लेखात परत आणू शकलं असतं. आणि मग ते काढायची कुणाची टाप होती?

उलट बाजूचं उदाहरण अल्लादियाखाँसाहेबांचं. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांनी नातवाला सांगितलेलं आत्मकथन आहे, गोविंदराव टेंब्यांनी लिहिलेलं चरित्र आहे. दोन्ही आतल्या माणसांची. घराणं मूळचं ब्राह्मण असल्याची हकीकत खाँसाहेब सांगतात. ती खोडून टाकणं मला उद्धटपणा वाटतो आणि सिद्ध झालेला इतिहास म्हणून लिहिणं भोळेपणा. 'खाँसाहेबांच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्द लावले की वाक्य उभं राहतं. काहींना ते शब्द म्हणजे संशय वाटतो. मला तो मान वाटतो, कारण सांगणाऱ्याचं नाव तरी राहतं.

पण ज्याचं नाव कुणी घेतलंच नाही, त्याचं काय करायचं? गेल्या वर्षी एका मुलीनं मला मेल केली. तिच्या पणजोबांनी मुंबईत बऱ्याच नामवंतांना तबल्याची साथ केली, एका प्रसिद्ध रेकॉर्डवर त्यांचाच तबला आहे, हे घरात सगळ्यांना माहीत. 'तेवढं लेखात घाला ना.' सोबत एक फोटो आणि आजीच्या आवाजातली व्हॉइस नोट होती. मी ती दोनदा ऐकली. म्हातारी खोटं बोलत नव्हती, मी पैजेवर सांगतो. पण अप्रकाशित आठवण लेखात चालत नाही, आणि जुन्या लेबलांवर साथीदारांची नावं सहसा नसतात. तीन मिनिटांच्या त्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, रागाचं नाव, कंपनीचं चित्र, सगळ्याला जागा आहे. तबलजीला नाही.

मग मी ऑल इंडिया रेडिओच्या 'द इंडियन लिसनर' या कार्यक्रमपत्रिकेचे स्कॅन केलेले अंक उलटत बसलो. रात्री अडीचला एका अंकात मुंबई केंद्राच्या रकान्यात ते सापडले. स्वतंत्र तबलावादन, पंधरा मिनिटं. पण पत्रिका आधी छापली जाते. त्या संध्याकाळी ते खरंच वाजले का, हे ती सांगत नाही. म्हणून मी लिहिलं, 'त्यांचं तबलावादन नियोजित होतं.' संदर्भ जोडला आणि तिला कळवलं.

तिला आनंद झाला. पानाचा स्क्रीनशॉट आजीला पाठवला म्हणाली. मग विचारलं, 'आणि रेकॉर्डचं?'

रेकॉर्डच्या लेखात मी एक ओळ घातली आहे, 'साथीदारांची नावं लेबलवर नाहीत.' तिला लेबलाचा फोटो संदर्भ म्हणून आहे. तिला सांगितलं, आजीचं बोलणं कुणाकडून तरी नीट मुलाखत घेऊन छापून आण, दिवाळी अंकात का होईना. ती म्हणाली, आजी आता नव्वदीला आली, बघते लवकर.